पिल्लं उडेपर्यंत

धायरीत आमच्या गल्लीतल्या निम्म्या घरांच्या अंगणात हमिंगबर्ड येतो. असं त्या घरांचं म्हणणं. समोरच्या कौशल्याबाई तर त्याचे फोटो काढून सकाळी सकाळी सगळ्यांना पाठवतात, खाली ‘शुभ प्रभात’ लिहून. आमचे हे, शरच्चंद्र, बोलते होते तोवर त्या प्रत्येक फोटोला उत्तर द्यायचे. ‘हमिंगबर्ड भारतात नसतो. हा शिंजीर आहे. कळावे.’ कौशल्याबाई तरी पाठवायच्या आणि हे तरी उत्तर द्यायचे. दोघांपैकी कुणीही माघार घेतली नाही.

मागच्या पावसाळ्यात ह्यांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. पाटबंधारे खात्यात नोकरीभर साहेबांच्या पत्रांतल्या चुका काढणारा माणूस, त्याच्यापाशी तीन शब्द उरले. ‘हं’, ‘नको’ आणि ‘मग’. समजतं सगळं. ऐकू तर माझ्यापेक्षा चांगलं येतं. फक्त बाहेर काही पडत नाही.

मी वासंती, त्यांची बायको. मी दमलेय, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढं कुणी मला ‘धीराची बाई’ म्हणायला नको. भेटायला येणारे सगळे तेच म्हणतात, चहा पितात आणि जातात. रात्री दोनदा उठून ह्यांना कुशीवर वळवायचं असतं, ते कुणाला दिसत नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं. ब्यूरोतून मावश्या ठेवून पाहिल्या. एकीला ह्यांचं वजन झेपेना, दुसरीला धायरी लांब पडायची, तिसरीला माझा स्वभाव पटेना. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

त्यात माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. वर्तमानपत्राच्या मथळ्याखाली मला आता सगळं धुकं दिसतं. ऑपरेशन करा म्हणून डॉक्टर कधीचे मागं लागलेत, पण नंतर महिनाभर वजन उचलायचं नाही. आता नवऱ्याला उचलायचं नाही तर काय त्याच्याकडं नुसतं बघत बसायचं? आणि तेही एका डोळ्यानं?

म्हणून सलिलनं, आमच्या मुलानं, कॅलिफोर्नियात बसून वाघोलीच्या पुढं एक केंद्र शोधलं. चोवीस तास नर्स, व्यायाम घेणारी माणसं, जेवण मऊ. पाडवा झाला की बाबांना तिथं ठेवायचं, तू डोळे करून घे, मग बघू, असं ठरलं. ‘मग बघू’ म्हणजे काय ते त्यानंही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. रात्री न उठता झोपायचं, ह्या नुसत्या विचारानं मला रडू आलं होतं.

फक्त ह्यांना सांगायचं राहिलं होतं. रोज म्हणायची, उद्या सांगू.

ते सांगणं लांबलं त्याला कारण झाली सलिलची मुलगी, ओवी. आठ वर्षांची आहे. तिकडं त्यांच्या मागच्या अंगणात खरोखरचे हमिंगबर्ड येतात. आमची सकाळ म्हणजे त्यांची आदली संध्याकाळ, तेव्हा तिचा व्हिडिओ कॉल यायचा. लाल प्लास्टिकची एक बाटली टांगलेली, तिच्यात साखरपाणी आणि समोर हवेत जागच्या जागी थरथरणारा अंगठ्याएवढा पक्षी. तो उलटाही उडतो, रात्री थंडीत मेल्यासारखा गार पडतो आणि सकाळी परत जागा होतो, असं काय काय ती शाळेतून शिकून यायची आणि आजोबांना शिकवायची. हे ऐकायचे. ज्या माणसानं मला कधी रस्ता विचारू दिला नाही, तो आठ वर्षांच्या पोरीचं निमूट ऐकायचा.

दिवाळीनंतर कुणीतरी येणार होतं, त्यांच्याबरोबर ओवीनं तशीच एक बाटली आजोबांना पाठवली. “आजी, शुगर वन कप, वॉटर फोर कप. आणि रेड कलर घालायचा नाही, ते बॅड असतं.” मी म्हटलं, बाई गं, तुझ्या आजोबांना शुगर आहे आणि आता पाखरांनाही लावा. पण केलं. मागच्या अंगणात कपडे वाळत घालायच्या तारेला सुतळी बांधून बाटली लटकवली. चार दिवसांत धायरीतल्या समस्त मुंग्यांनी तिथं पंगत मांडली. शिंजीर फिरकलासुद्धा नाही. त्याला आमच्या जास्वंदी पुरत होत्या. मग मी बाटली काढून माळ्यावर टाकली, सुतळी तशीच लोंबत ठेवली. ती सोडवायला हात वर करायचा, म्हणजे खांद्यातून कळ यायची. राहू दे म्हटलं.

आणि फेब्रुवारीच्या शेवटाला शिंजिराच्या मादीनं त्याच सुतळीला घरटं लावलं.

मला आधी कळलंच नाही. ह्यांना व्हीलचेअरवरून सकाळच्या उन्हात अंगणात बसवायची, तर हे एकदम डाव्या हातानं तारेकडं दाखवायला लागले. मला काय, धुकं. जवळ गेले तेव्हा दिसलं. वाळकी पानं, सालीचे तुकडे, सुरवंटाच्या लेंड्या, सगळं कोळ्याच्या जाळ्यानं एकत्र गुंडाळलेलं. केरसुणीतून पडलेला केराचा पुंजका दिसावा तसं. बाजूला एक भोक आणि भोकावर एवढीशी पडवी. त्या दिवशी फोनवर ओवी ओरडलीच. “आजोबा, तुमच्याकडं हमिंगबर्ड नेस्ट!”

“नको,” हे म्हणाले. म्हणजे, हमिंगबर्ड नव्हे. डोळ्यांत सगळी तळमळ, पण शब्द येईना.

“शिंजीर म्हणायचंय त्यांना,” मी सांगितलं. “हमिंगबर्ड भारतात नसतो. कळावे.”

हे हसले. अर्ध्याच तोंडानं, पण हसले. झटक्यानंतर पहिल्यांदा.

तेव्हापासून सकाळ बदलली. एरवी उठवायला गेलं की ‘नको’, तोंड धुवायला ‘नको’, गोळी ‘नको’, व्यायाम ‘नको’. आता स्वतःच पाय खाली सोडून बसायचे. मी त्यांना अंगणात नेऊन बसवलं की तास-दीड तास त्यांचं काही मागणं नसायचं. मी आत येऊन चहा करायची आणि ओट्यापाशी उभं राहून प्यायची. गरम. ज्याला गरम चहा कायम मिळतो त्याला ह्यात काय विशेष ते कळणार नाही. पुढं अंड्यांतून पिल्लं आली. मी कप विसळून अंगणात गेले की हे डाव्या हाताची दोन बोटं दाखवायचे. दोन पिल्लं, दोन्ही ठीक. मला दिसत नव्हतंच, मी त्यांच्या बोटांवर विश्वास ठेवायची.

पाडवा तोंडावर आला. माझ्या नणंदबाई, शैलावन्सं, नारायण पेठेतून मदतीला आल्या. वन्सं मनानं चांगल्या आहेत, पण जळमट दिसलं की त्यांचं डोकं उठतं. सणाच्या आधी घराचा कोपरा न् कोपरा झाडून निघाला पाहिजे, नाहीतर गुढी उभारून उपयोग काय, असं त्यांच्या आईचं म्हणणं होतं आणि तेच त्यांचं. आल्या आल्या पदर खोचला, बांबूला कुंचा बांधला, पडदे काढून धुवायला म्हणून मागच्या अंगणात ढीग घातला. मी स्वयंपाकघरात डबे पुसत होते.

बाहेरून ह्यांचा आवाज आला. “नको.”

मी लक्ष दिलं नाही. दिवसातून पन्नासदा ऐकते.

“नको. नको. नको.”

“हो रे दादा, झालंच,” वन्संचा आवाज आला. “धूळ उडतेय का? तोंड तिकडं कर.”

मी डबा पुसत राहिले. नको म्हणजे वन्संनी शाल घातली असेल, नाहीतर ऊन लागत असेल. मग खुर्चीचा लोखंडी आवाज झाला, आपटल्यासारखा, तेव्हा हातातलं टाकून गेले. हे अर्धे पुढं झुकून खुर्चीतून पडायच्या बेतात. वन्सं बांबू हातात घेऊन उभ्या. तारेवर काही नव्हतं.

“वन्सं, काय केलंत?”

“काय केलं? एवढं मोठं जळमट लोंबत होतं दारात. पाडव्याला हे असं बरं दिसतं का?”

“ते घरटं होतं.”

वन्संच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला माझ्या मोतीबिंदूतूनही दिसलं. बांबू त्यांनी हळूच भिंतीला टेकवला.

माझा तोल गेला. “चारदा नको म्हणाला तो माणूस. बोलता येत नाही म्हणजे अक्कल गेली असं वाटतं का तुम्हाला?” असं आणि आणखी बरंच. बोलताना मला कळत होतं की ‘नको’ मीही ऐकलं होतं, पुसण्याचा कपडा हातात धरून. त्यामुळं आवाज जास्तच चढला.

घरटं पडद्यांच्या ढिगावर पडलं होतं, सुतळीसकट. वन्संनीच गुडघ्यावर बसून, दोन्ही हातांच्या ओंजळीत, ते उचललं. आत काहीतरी हललं. “जिवंत आहेत गं,” त्या म्हणाल्या, आणि रडायला लागल्या.

आता वर बांधणार कोण? वन्संना स्टुलावर चढलं की चक्कर येते, त्यांचं बीपीचं आहे. शेजारी हाक मारावी तर सगळे ऑफिसला, सिंहगड रस्त्याच्या गर्दीत अडकलेले. मी आतून परकराची नाडी आणली, न्हाणीघरातलं स्टूल घेतलं आणि चढले. खांदा ओरडत होता. दिसत काही नव्हतं, हातानं चाचपून सुतळीला नाडी आणि नाडी तारेला अशी गाठ मारली. स्टूल डुगडुगायचं थांबलं तसं खाली पाहिलं. ह्यांनी खुर्चीतून वाकून डाव्या हातानं स्टुलाचा पाय धरला होता. बोटं पांढरी पडेपर्यंत. कपाळाला घाम. दहा महिने मी ह्या माणसाला धरत होते आणि आता त्यानं मला धरलं होतं. मला फार बरं वाटलं आणि लगेच वाघोली आठवली.

मग आम्ही तिघं दाराआड बसून राहिलो. मादी येईना. आली ती जास्वंदीवर बसून चिवचिवत राहिली, गेली, परत आली. वन्संनी तोवर रामरक्षा म्हटली, बहुतेक दोनदा. शेवटी ती एकदाची घरट्याला लटकली, डोकं आत घातलं आणि आतून बारीक कलकलाट झाला.

“हं,” हे म्हणाले.

वन्संनी जेवायला पिठलं-भात केला आणि माझ्याकडं न बघता वाढला. जाताना म्हणाल्या, “वहिनी, मला माफ कर.” मी म्हटलं, “तुमच्या जागी मी असते तर मीही झाडलं असतं.” ते खरंच होतं.

त्या संध्याकाळी मी ह्यांच्याजवळ कपडे धुवायच्या दगडावर बसले. आज नाही सांगितलं तर कधीच सांगणार नाही, असं वाटलं. म्हटलं, “अहो, एक सांगायचंय. वाघोलीला—”

“हं,” हे म्हणाले.

“माहितेय तुम्हाला?”

“हं.”

ऐकू तर येतंच होतं. मी सलिलशी फोनवर बोलायची ती ह्यांच्या खोलीच्या दाराबाहेर उभं राहून. महिनाभर हे पडल्या पडल्या सगळं ऐकत होते, बेड कुठला, नर्स किती, आई आता थकलीय, सगळं. आणि सकाळी मला दोन बोटं दाखवत होते.

“मला जमत नाही हो आता,” मी म्हटलं. “डोळे गेले तर तुमचंही कोण करणार? मला झोप पाहिजे. मी वाईट नाहीये, पण मला झोप पाहिजे.” आणि रडले. बाई रडली की घाबरणारा माणूस, तोंड फिरवेल असं वाटलं होतं. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मग तोच हात उचलून घरट्याकडं दाखवला. दोन बोटं दाखवली. हातानंच भुर्र उडाल्याची खूण केली.

“मग,” म्हणाले.

पिल्लं उडू देत. मग जाईन.

मला एवढं मागणं कळलं. मी सलिलला कळवलं. तो म्हणाला, “आई, सीरियसली? बेड होल्ड करावा लागेल.” पण त्यानं केला. डोळ्याच्या डॉक्टरांनाही मी पुढची तारीख मागितली. पाडवा झाला, कडुलिंब खाल्ला, तोंड कडू झालं, नंतर श्रीखंड. आणि रोज सकाळी अंगण, माझा गरम चहा, त्यांची दोन बोटं. सलिल विचारायचा, उडाली का? मी सांगायची, नाही, बाबा रोज बघतात, आहेत अजून.

ओवीची परीक्षा का काय होती म्हणून मधे तिचा कॉल नव्हता. मग एका सकाळी आला. “आजी, बेबीज दाखव. जवळ ने फोन.” मी हात लांब करून फोन भोकासमोर धरला. खांदा दुखत होता म्हणून म्हटलं, लवकर बघ.

ओवी म्हणाली, “आजी, आत कोणी नाहीये.”

“नीट बघ.”

“नाहीये ना. एम्प्टी आहे. नेस्टचं तोंड पण फाटलंय. ती फ्लाय होऊन खूप डेज झाले असतील. स्पायडरनं आत वेब केलंय, बघ.”

मी वळून ह्यांच्याकडं पाहिलं. आज सकाळीच, चहा तसाच टाकून मी फोन घेऊन बाहेर आले तेव्हा, ह्यांनी दोन बोटं दाखवली होती. कालही. परवाही. आता आठवलं तर कलकलाटही कधीचा ऐकला नव्हता. मी आत चहा पीत होते आणि हे इथं, कोळ्यानं जाळं धरलेल्या रिकाम्या घरट्यासमोर, दीड-दीड तास खाली न बघता बसत होते. सरकारी कागदावर एक काना चुकीचा चालत नव्हता ह्या माणसाला. जन्मात कधी खोटं बोललेला नव्हता, बोलता येत होतं तेव्हासुद्धा.

हे कढीपत्त्याच्या झाडाकडं बघत होते. डावा हात मांडीवर, मूठ मिटलेली. कान लाल झाले होते.

“आजी? कधी उडाली गं?”

“कुठं उडाली?” मी म्हटलं. “मागं सरकून झोपली असतील. आजोबा रोज बघतात. तुला त्यांच्यापेक्षा जास्त कळतं का?”

हुशार आहे पोरगी. म्हणाली, “ओके आजी.” आणि फोन बापाकडं दिला.

“आई,” सलिल म्हणाला, “सोमवारी गाडी सांगू ना मग? ते लोक रोज विचारतायत.”

माझे डोळे चुरचुरत होते. रात्री दोनदा उठले होते, कंबर भरून आली होती. सोमवार आला असता तर त्या रात्री मी सलग झोपले असते. हे अजून कढीपत्त्याकडंच बघत होते, पण मान जरा माझ्या बाजूला कलली होती. ऐकू चांगलं येतं त्यांना.

“नको,” मी म्हटलं. “अजून दोघं आत आहेत.”

फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात आले. चहा ओट्यावर तसाच राहिला होता, वर साय धरली होती. ती बाजूला केली आणि कप घेऊन बाहेर त्यांच्या शेजारी येऊन बसले. गारच प्यायले.